सोमवारी न सुटणारं दावं

हरणी आमच्या घरी आली तेव्हा सात महिन्यांची गाभण होती, आणि तिला घेऊन माझ्या आईचे वडील चौदा किलोमीटर चालत आले होते. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, तिच्या वडलांना तात्या, माझ्या वडलांना अप्पा, आणि घरातलं कर्तं माणूस म्हणजे माझ्या वडलांचे वडील, त्यांना अज्जा. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठाला, जिथून सायकलवर कर्नाटकाची हद्द गाठता येते अशा गावात आम्ही राहायचो, त्यामुळे आमची निम्मी नाती मराठीत होती आणि निम्मी कानडीत. त्या वर्षी आमच्या जोडीतला एक बैल पोट फुगून गेला होता. तात्यांना ते कळलं आणि त्यांनी काही निरोप न देता आपल्या गोठ्यातली खिलार गाय दावणीतून सोडून आणली. "दुधाला न्हाय ही. पर दोन खोंडं दिली की जोडी घरची हुतीया," असं म्हणून त्यांनी दावं अज्जांच्या हातात दिलं, तांब्याभर ताक प्यायले आणि शेवटच्या यष्टीनं परत गेले. अज्जा त्यांना पोचवायला थांब्यापर्यंत गेले होते. एवढं प्रेम त्या दोन व्याह्यांत होतं, हे आधी सांगायला हवं.

आमचं घर लांबट होतं. पुढच्या सोप्यात जनावरं, मधल्या सोप्यात धान्य आणि माणसं, मागं चूल. म्हणजे घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी जनावरांच्या समोरून यावं लागे. मी अभ्यासाला बसायची ते मधल्या उंबऱ्यावर, आणि माझ्या पाढ्यांना साथ असायची ती साखळीच्या आवाजाची, रवंथाची आणि मागं अव्वा भाकरी थापत असायची त्या आवाजाची. चौथी भाकरी तव्यावर पडली की मी उठायची, कारण पहिल्या तीन अज्जा आणि अप्पांच्या असत. शेंगदाण्याची चटणी, वर दही, आणि हंगामात मेथीची कोवळी पेंडी, जशीच्या तशी, मूळ तेवढं खुडून. आज कोल्हापुरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये मेथी निवडून, धुऊन, चिरून खाल्ली जाते आणि कुणालाच तिची आठवण राहत नाही.

अज्जा हिशेबी होते. पैशाच्या बाबतीत तेवढे नव्हते, पण दिवसांच्या बाबतीत पक्के. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तांबड्या पेन्सिलीनं खूण केल्याशिवाय त्यांचं कुठलंच काम पुरं होत नसे. ऊस कधी लावला, पाळीचं पाणी कधी आलं, म्हैस कधी व्याली. माझ्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवर तो लावल्याची तारीख खडूनं लिहिलेली असते आणि मुलं त्यावरून हसतात. ही सवय माझी नाही, त्यांची आहे, आणि मी ती वापरते आहे एवढंच.

आमच्याकडे सोमवार पाळत. बसवाण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे आमच्या भागात अनेक घरांत होतं. आमच्या घरात मात्र त्याच्या पुढं एक पाऊल होतं. सोमवारी कुठल्याही जनावराचं दावं सोडायचं नाही. पाण्यालासुद्धा नदीवर न्यायचं नाही. त्या दिवशी पाच जनावरांना विहिरीवरून पाणी आणावं लागे, आणि ते अव्वा आणायची. चौदा घागरी. मी मोजल्या आहेत.

हरणीनं आमच्याकडे खोंड दिला. पांढरा स्वच्छ, शेपटीचा गोंडा काळा. अज्जांनी पेन्सिलीनं खूण केली आणि गावात पेढे वाटले. आता आणखी एक खोंड झाला की जोडी, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पण खोंड मोठा होत गेला आणि हरणी काही पुन्हा गाभण राहीना. ती माजावर यायची, अज्जा तिला शेजारच्या मळ्यातल्या वळूकडे न्यायचे, तीन आठवड्यांनी ती पुन्हा हंबरायला लागायची. ह्याला आमच्याकडे गाय उलटली म्हणतात. पहिल्यांदा उलटली तेव्हा कुणी काही बोललं नाही. दुसऱ्यांदा अज्जा म्हणाले, वळू म्हातारा झालाय. तिसऱ्यांदा उलटल्यावर त्यांनी वळूचा नाद सोडला आणि गाय दोन मैलांवरच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायला सुरुवात केली. तिथले डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे, आणि खिलार वळूचं बीज त्यांच्याकडे थंड टाकीत ठेवलेलं असायचं.

त्या डॉक्टरांचे मी आजही आभार मानते, कारण त्यांनी एकदाही देवावर किंवा नशिबावर बोट ठेवलं नाही. ते एकेक कारण घेऊन ते निकालात काढायचे. पहिलं म्हणाले, गाय वाळलीय, खोंड अजून पितोय, तो तोडा. खोंडाच्या तोंडाला मुसकं घातलं. मग म्हणाले, पोटात जंत असतील. औषध पाजलं. मग म्हणाले, आपल्या भागात नुसतं उसाचं वाडं, शेंड्याचा पाला, घालता तुम्ही, त्यात क्षार नसतात, आणि खनिजांची पावडर दिली. अव्वा ती ज्वारीच्या पिठात मळून गोळे करून भरवायची. हरणीच्या बरगड्या झाकल्या, अंगावर चकाकी आली. मग त्यांनी कोपरापर्यंत हात घालून गर्भाची पिशवी तपासली आणि म्हणाले, "पिशवी साफ आहे. गाईत काही खोट नाही." तरी गाय उलटत राहिली. एकदा बीज भरताना ते अज्जांना म्हणाले होते, "माज ओसरल्यासारखा वाटतोय. पुढच्या वेळी जरा लवकर आणा." अज्जांना ते लागलं. घरी आल्यावर चहा पिता पिता म्हणाले, "साडेसहाला दारात उभा हुतो मी त्याच्या. अजून किती लवकर जायाचं? कोंबड्याला उठवून?"

ह्या सगळ्यात एक वाईट गोष्ट घडली. मार्गशीर्षात एका लग्नाच्या पंगतीत दोन्ही व्याही समोरासमोर आले. कुणीतरी सहज अज्जांना विचारलं, जोडी झाली का घरची, आणि अज्जा भरल्या पंगतीत म्हणाले, "कशाची जोडी. पावण्यांनी वांझ गाय गळ्यात बांधली आमच्या." तात्यांनी पानावरचा हात उचलला, भात तसाच ठेवला आणि उठले. मी अव्वाच्या शेजारी बायकांच्या पंगतीत होते. ती मान खाली घालून मीठ बोटानं सारखं करत राहिली.

आमच्याकडे सासुरवाशीण आपली आपण माहेरी जात नसे. माहेरहून मुराळी यायचा, म्हणजे न्यायला येणारं माणूस, बाप किंवा भाऊ. तात्यांच्या गावची यात्रा चैत्रात असते आणि दर वर्षी तिच्या आदल्या दिवशी माझा मामा सायकलवर टपकलेला असायचा. त्या वर्षी चैत्र आला. अव्वानं दोन लुगडी धुऊन, घडी घालून ठेवली होती. कुणी आलं नाही. यात्रेच्या दिवशी तिनं ती घडी पेटीत ठेवून दिली आणि गोठा झाडायला गेली. तात्या भांडायला आले असते तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. ते गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा सगळा भार तिच्यावर पडला. त्यात भर म्हणून मे महिन्यात अज्जांनी जाहीर केलं, "बेंदराला दारातनं जनावर घालवायचं न्हाय. बेंदूर झाला की हरणी बाजारला." बेंदूर म्हणजे आमच्याकडचा आषाढातला पोळा. वांझ म्हणून विकलेली गाय कुठं जाते हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. अव्वाला तर एवढंही कळत होतं की गाय त्या दारातून गेली की तिचं माहेरही गेलं.

जूनमध्ये शाळा उघडली. मी सहावीत गेले होते. पुस्तकांना कव्हरं घालायला आमच्याकडे मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं वापरत, कोरी बाजू वर करून. मी मधल्या सोप्यात पानं पसरून बसले होते आणि कापण्याआधी अज्जांच्या खुणा बघत होते. गाय वळूकडे किंवा दवाखान्यात नेली की ते गोलात एक छोटं शिंग काढायचे, म्हणून ती खूण ओळखू यायची. मराठी कॅलेंडरवर वार उभे लिहिलेले असतात, वरच्या ओळीत रविवार, खाली सोमवार, खाली मंगळवार. गाईच्या खुणा एक सोडून सगळ्या एकाच आडव्या ओळीत होत्या. मी पानं एकाखाली एक लावली. गेल्या वर्षीच्या सहा. उठून भिंतीवरच्या चालू वर्षाची पानं उलटली, तिथं तीन. नऊ खुणांपैकी आठ मंगळवारी आणि एक बुधवारी, तीही ओढ्याला पाणी आलं होतं त्या आठवड्यातली. दोन खुणांत कुठं एकवीस दिवस, कुठं बेचाळीस, कुठं त्रेसष्ट. एकवीस म्हणजे बरोबर तीन आठवडे. म्हणजे हरणीचा वार कधी बदलतच नव्हता.

मी पानं घेऊन चुलीकडे गेले आणि अव्वाला विचारलं, हरणी हंबरायला कधी लागते. ती फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "रविवारी सांजच्याला. मी वैरण टाकत असती तवा. सोमवारी दुपारपातूर वरडती, मग थंड हुती."

"मग अज्जा मंगळवारी का नेतात?"

"सोमवारी दावं सुटत न्हाय म्हणून."

"तू सांगितलं नाहीस?"

"तुझ्या अप्पास्नी सांगितलं. ते म्हणाले, एका दिसानं काय हुतंय." मग तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "मी अज्जास्नी सांगितलं तर म्हणतील माहेरच्या गाईची बाजू घेती. तू सांग शैले. आकडं तुझं हाईत."

म्हशीच्या बाबतीत हे कधी कळलंच नव्हतं, कारण तिचा माज सोमवारी येत नसे. आणि दवाखान्यात डॉक्टर हंबरणं कधी सुरू झालं हे विचारत, तेव्हा अज्जा "कालपासनं" म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. सोमवारी सकाळी उठल्यावर त्यांना गाय हंबरताना दिसायची. रविवारी संध्याकाळी ते देवळात भजनाला असत.

अज्जा बाहेर कट्ट्यावर बेंदरासाठी बैलाच्या तोंडाला बांधायची नवी म्होरकी वळत बसले होते. मी पानं त्यांच्यापुढं ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. त्यांनी आधी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे बसवाण्णाचा वार खोटा, आणि तुझं कॅलेंडर खरं?"

मी म्हणाले, "कॅलेंडर तुमचंच आहे अज्जा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता म्होरकी पाठीवर बसणार. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक खूण बोटानं दाबत पहिल्यापासून मोजायला लागले. एकवीस, एकवीस, बेचाळीस. पावसाळ्यातल्या एका खुणेशी थांबले, पुन्हा मागं गेले, पुन्हा मोजलं. शेवटी पानं नीट एकावर एक ठेवून त्यांनी त्यावर दगड ठेवला, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. त्या संध्याकाळी त्यांनी एकच भाकरी खाल्ली आणि चटणी मागितली नाही. मी त्या पानांची कव्हरं घातली नाहीत. त्या वर्षी माझी पुस्तकं सिमेंटच्या पोत्याच्या कागदात होती.

हरणीची पुढची पाळी बेंदराच्या आठ दिवस आधी येत होती. रविवारी संध्याकाळी अज्जा भजनाला गेले नाहीत. गोठ्यात पोतं टाकून बसून राहिले. दिवेलागणीला हरणीनं मान वर करून पहिला हंबरडा फोडला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. सोमवारी पहाटे त्यांनी आंघोळ केली, भस्म लावलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ पूजा केली, आणि मग ओल्या पंचातच गोठ्यात आले. अप्पा दारात उभे होते. "अण्णा, आज सोमवार हाय," ते आपल्या वडलांना हळू म्हणाले.

"ठाव हाय. माझ्या बापानं मला सांगितलं ते जुवाचं. सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठिवायचं न्हाय. दाव्याचं त्येनी कधी सांगितलं न्हाय. ते मी वाढवलं." एवढं बोलून त्यांनी हरणीच्या कपाळाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला आणि दावं सोडलं.

दवाखान्याची वाट सगळ्या गावातून जायची. पुढं अज्जा, मधे हरणी, मागं काठी घेऊन मी. गावानं त्यांना सोमवारी जनावर घेऊन बाहेर पडलेलं कधी बघितलं नव्हतं. पारावर बसलेल्यांपैकी एकजण ओरडला, "काय मामा, वार इसरलासा व्हय?"

"वार मोजूनच भायर पडलोय," अज्जा म्हणाले आणि थांबले नाहीत. पुढं पिठाच्या गिरणीपाशी दुसऱ्यानं विचारलं, "गाय इकायला काढलीसा जणू?" त्यांनी दावं आवळून धरलं. त्यांची मान ताठ होती आणि कान लाल झाले होते. मला मागून ते दिसत होते. आपल्या वयाच्या माणसांसमोर आपलंच बोलणं मागं घेत दोन मैल चालणं म्हणजे काय, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. मी आता त्यांच्या त्या वयाच्या जवळ आले आहे. मुलांसमोर साधी चूक कबूल करायची वेळ आली तरी मी विषय बदलते.

डॉक्टरांना त्यांनी सगळं सांगितलं, वारांसकट. डॉक्टर कपाळाला हात लावून हसले. "मामा, संध्याकाळी माज दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि सकाळी दिसला की त्याच संध्याकाळी. छत्तीस तासांनी आणून काय उपयोग? चूक माझीही आहे. मी सुरुवात कधी विचारायचो, कुणी बघितली हे विचारलं नाही."

"बघितली सुनंनं," अज्जा म्हणाले. "तिला इचारलंच न्हाय कुणी."

बेंदराला हरणी दारात होती. बैलाची शिंगं रंगवली, खोंडाच्या गळ्यात पहिल्यांदा घुंगरू बांधलं, आणि अव्वानं खपली गव्हाची खीर केली, वर नारळाचं दूध. दोन दिवसांनी बाजारचा दलाल ठरल्याप्रमाणे आला. अज्जा त्याला खीर खायला घालून म्हणाले, "अजून आकरा दिस थांब. मग सांगतो." ते अकरा दिवस संपले त्या रविवारी संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला पुढच्या सोप्यात काही ना काही काम निघालं. अप्पा खुंटा ठोकत होते, अज्जा विळ्याला धार लावत होते, अव्वा वैरण टाकून तिथंच शेणी रचत बसली होती, आणि मी त्याच त्या गणिताला चौथ्यांदा उत्तर काढत होते. हरणी बसली होती. तिनं एकदा कान झटकला आणि रवंथ करत राहिली. अंधार पडला तरी तिनं आवाज केला नाही. अज्जा उठले, विळा छपरात खोचला आणि म्हणाले, "सूनबाई, जेवायला वाढा." त्यांनी अव्वाला अहो-जाहो केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

अडीच महिन्यांनी डॉक्टरांनी तपासून गाभण असल्याचं सांगितलं. मी दोनशे ऐंशी दिवस मोजले, आणि पुढच्या वर्षाचं कॅलेंडर अजून आलं नव्हतं म्हणून कोळशानं भिंतीवर लिहिलं. चाळीस आठवडे बरोबर, म्हणजे पुन्हा सोमवार. अज्जा खूश झाले. बसवाण्णानं आपलं म्हणणं मान्य केलं असं त्यांना वाटलं असावं. मात्र जे घडलं ते लिहायला हवं. हरणी सोमवारी व्याली नाही. पाच दिवस उशिरा, शनिवारी दुपारी व्याली, आणि झाली ती कालवड. तसंच हेही लिहायला हवं की नुसत्या वारानं सगळं झालं असं मी म्हणत नाही. जंताचं औषध, पावडर, अव्वाचे पिठाचे गोळे, हे सगळं आधी झालं होतं म्हणून तो सोमवार लागू पडला. जोडीचं काय, असं अप्पांनी विचारलं तेव्हा अज्जा कालवडीचं अंग गोणपाटानं पुसत होते. "बैल काय, बाजारात मिळतोय," ते म्हणाले.

मधल्या काळात पंचमी आणि दिवाळी गेली होती. मुराळी आला नव्हता. गाय गाभण असल्याचं तात्यांना कळवा, असं अप्पा दोनदा म्हणाले होते, पण व्याल्याशिवाय कुठल्या तोंडानं जाऊ, असं अज्जांचं उत्तर. व्याल्यावर तिसऱ्या दिवशी अव्वानं चिकाचा खरवस केला, गूळ आणि वेलदोडा घालून, आणि अज्जांनी त्याचा डबा स्वतः फडक्यात बांधला. तात्यांच्या गावची यात्रा दुसऱ्या दिवशी होती. आम्ही त्याच दिवशी सकाळच्या यष्टीनं निघालो.

गावात पोचल्यावर अव्वा वळणावरच रेंगाळली, अज्जा आणि मी पुढं गेलो. तात्या दारातच होते, मंडपाचा दोर बांधत. अज्जांना बघून त्यांनी दोर सोडला नाही. "या पावणं," एवढंच म्हणाले, तेही दोराकडे बघत. आत यात्रेला आलेले पाचसहा पाहुणे बसले होते, त्यातले दोघं त्या लग्नाच्या पंगतीतले. अज्जा आत गेले, पण बसले नाहीत. डबा मधोमध ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हरणी व्याली. खरवस आणलाय. गाईत खोट नव्हती, कधीच नव्हती. दिस मोजायला मी चुकलो. पंगतीत बोललो हुतो, म्हणून चार माणसांतच सांगतोय."

तात्यांनी दोराची गाठ पुरी केली, हात धोतराला पुसले आणि आत आले. डब्याकडे बघितलं. मग विचारलं, "खोंड का कालवड?"

"कालवड."

"बरं झालं. आईवर गेली तर चांगली निघंल." थोडं थांबून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "यात्रा हाय उद्या. आमच्या पोरीला धाडली असतीसा तर..."

"धाडायची कशाला," अज्जा म्हणाले. "मीच मुराळी हून आणलीया की. बघा भायर."

अव्वा अंगणातल्या दगडावर पाय धुत होती. धुऊन झाले होते, तरी ती तांब्यातून पाणी ओतत होती, आणि आत यायला तिचा पाय काही केल्या उचलत नव्हता. तात्या अनवाणी बाहेर गेले, तिच्या हातातला तांब्या घेतला आणि तिला म्हणाले, "चल आत. जेवाण थंड हुतंय."